विगमनाची समस्या

विगमनाची समस्या : अनुभवास आलेल्या गोष्टींवरून अनुभवास न आलेल्या गोष्टींविषयी निष्कर्ष काढणाऱ्या अनुमानास विगमन म्हणतात. असे अनुमान समर्थनीय आहे काय, हा ज्ञानमीमांसेतील मूलभूत प्रश्न स्कॉटिश तत्त्ववेत्ता डेव्हिड ह्यूम (१७११–७६) याने अ ट्रिटाइज ऑफ ह्यूमन नेचर (१७३९–४०) या ग्रंथात ठामपणे मांडला.

वस्तुस्थितीविषयीचे सर्व ज्ञान अनुभवातून मिळते, हा अनुभववादी सिद्धांत ह्यूमने त्याच्या तार्किक शेवटापर्यंत नेला. यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू कापूस-उत्पादकाचे उदाहरण घेता येईल. मृगाचा पुरेसा पाऊस झाल्यावर तो पेरणी करतो; कारण पुढेही पाऊस येत राहतो, असा त्याचा पूर्वानुभव असतो. पावसाने दीर्घ खंड दिल्यास मात्र दुबार पेरणी करावी लागते. येथे पूर्वानुभव अपुरा होता, असे म्हणता येईल. परंतु ह्यूमचा आक्षेप अधिक मूलगामी आहे. अनुभव कितीही वाढविला, तरी तो भूतकाळाचाच असतो. निसर्ग पुढेही पूर्वीसारखाच वागेल, हे तर्काने सिद्ध होत नाही. कारण तो बदलेल, या कल्पनेत व्याघात नाही. अनुभवाने ते सिद्ध करू गेल्यास जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरले जाते. म्हणून विगमनाचा आधार बुद्धी नसून मनाची सवय होय, असा ह्यूमचा निष्कर्ष आहे.

भारतीय दर्शनांत चार्वाकांनी तत्सदृश आक्षेप घेतला. धूर व अग्नी यांच्यातील व्याप्ती सर्व देशकाळी प्रत्यक्ष होणे अशक्य असल्याने अनुमान हे प्रमाण नव्हे, असे त्यांचे मत होते. यावर नैयायिक उदयनाचार्यांनी (दहावे शतक) शंकेची मर्यादा दाखविली : संशय घेणाऱ्याची स्वतःची कृतीच ज्या शंकेशी विसंगत ठरते, तेथे ती शंका थांबते. अर्थात, कृती अटळ आहे एवढ्याने तिच्यामागील विश्वास सिद्ध होतो काय, हा प्रश्न उरतोच.

कार्ल पॉपर (१९०२–९४) याच्या मते विज्ञान विगमनावर आधारलेले नसून, धाडसी उपपत्ती मांडणे व त्यांच्या खंडनाचा प्रयत्न करणे, हीच त्याची पद्धती होय. ह्यूमने स्वतः व्यवहारात विगमन सोडावे असे सुचविले नाही; पुराव्याच्या प्रमाणात विश्वास ठेवावा, एवढेच त्याचे सांगणे होते. नागपूरहून १९९० मध्ये सुरू झालेल्या आजचा सुधारक या मासिकाचे संस्थापक संपादक दि. य. देशपांडे (१९१७–२००५) यांनी पुरस्कारिलेल्या विवेकवादातही हेच तत्त्व आढळते. ह्यूमचा संशयवाद ज्ञानाचा निषेध करीत नाही. निश्चिततेचा दावा मात्र तो मर्यादित करतो.