ब्रेकच्या दिव्यातील दोष आणि भारित मंडलाचे मापन

कोल्हापूरहून पन्हाळ्यास जाणारा रस्ता वाघबीळपाशी घाटात चढतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ९७५ मीटर उंचीवरील या गडाभोवती पावसाळ्यात दाट धुके असते. अशा वेळी पुढील गाडीचा वेग मंदावत आहे, हे उतरणीवर मागील चालकास ब्रेकच्या दिव्यावरूनच कळते. जुन्या मोटारगाडीत नेमका हाच दिवा दमट हवेत दगा देतो. बल्ब नवा बसविला, होल्डरपाशी १२ व्होल्ट दाबही आढळला, तरी दिवा मंदच राहतो. याचे कारण काय, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

मंडल साधे आहे. बॅटरीतून निघालेला प्रवाह फ्यूजमधून ब्रेकच्या स्विचपर्यंत जातो, तेथून दोन बल्बांत शिरतो व गाडीच्या पत्र्यावाटे परततो. अनेक जुन्या गाड्यांत हा स्विच ब्रेकच्या तेलनळीवर असून तेलाचा दाब वाढताच त्यातील संपर्क जुळतात.

२१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला १.७५ अँपिअर प्रवाह घेतो. दोन बल्ब मिळून ३.५ अँपिअर. आता सामाईक परतमार्गात गंजामुळे केवळ १ ओहम रोध निर्माण झाला असे मानू. बल्ब काढून मोजल्यास १ कोटी ओहम रोधाच्या मापकातून जेमतेम १.२ मायक्रोअँपिअर प्रवाह वाहतो. गंजापाशी होणारी दाबाची घट नगण्य ठरते व मापक १२ व्होल्टच दाखवितो. बल्ब लावून ब्रेक दाबताच मात्र तेथे सुमारे ३ व्होल्ट खर्च होतात व बल्बांना ९ व्होल्टच उरतात. तंतूचा प्रकाश दाबाच्या साधारण साडेतिसऱ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणून पाऊणपट दाबाला प्रकाश निम्म्याहूनही कमी पडतो.

यावरून परीक्षेची पद्धत ठरते. गाडीची किल्ली फिरवून सहकाऱ्यास ब्रेक दाबून धरण्यास सांगावे. दिवा मुळीच लागत नसेल, तर प्रथम बल्ब व फ्यूज तपासून मग स्विचची दोन्ही टोके तारेने जोडावी. दिवा लागल्यास दोष स्विचमध्ये आहे. दिवा मंद असेल, तर प्रवाह चालू असतानाच मापकाचे एक टोक बॅटरीच्या पत्र्याशी जोडलेल्या अग्रावर व दुसरे होल्डरच्या धातूवर टेकवावे. येथे वाचन जवळजवळ शून्य हवे. ते काही व्होल्ट आल्यास परतमार्ग सदोष होय. तेथील रंग व गंज खरवडून जोड घट्ट करावा. वाचन शून्य असल्यास पुरवठ्याच्या बाजूचा प्रत्येक जोड याच रीतीने तपासावा. सर्व घटींची व बल्बावरील दाबाची बेरीज बॅटरीच्या दाबाइतकी भरली पाहिजे. किर्खॉफचा नियमच येथे पडताळा देतो.

सारांश, प्रवाह नसताना घेतलेले वाचन बॅटरीचा दाब सांगते, मार्गाची योग्यता सांगत नाही. घाटात उतरण्यापूर्वी ब्रेक दाबलेल्या स्थितीत हे मापन करून घेणे, हाच या विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष होय.