बिजा-तिजाची गोष्ट घरात सांगा

परीकथेचा शेवट आपल्या सर्वांना पाठ आहे. राजपुत्र येतो, लग्न लागते, गोष्ट संपते. पण ज्या मुलीच्या मनात राजपुत्र नसून दुसरी मुलगीच आहे, तिने कोणती गोष्ट ऐकायची?

तिच्यासाठीही गोष्ट आहे आणि ती आपल्याच देशातली आहे. राजस्थानातील बोरुंदा गावचे लेखक विजयदान देथा (१९२६-२०१३) यांनी लोकांच्या तोंडच्या कथा गोळा करून नव्याने लिहिल्या. अमोल पालेकरांचा २००५ सालचा 'पहेली' हा चित्रपट त्यांच्याच कथेवरचा. त्यांची 'दोहरी जिंदगी' ही कथा मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

दोन शेठ मित्र पोटातल्या लेकरांचे लग्न ठरवून टाकतात. दोघांनाही मुलीच होतात. हुंड्याच्या लोभाने एक बाप आपल्या मुलीला मुलगा म्हणून वाढवतो आणि लग्न लावून देतो. लग्नानंतर सत्य उघड होते. पण बिजा आणि तिजा या दोघी एकमेकींना सोडत नाहीत. गाव त्यांना राहू देत नाही, तेव्हा भुतांचा सरदार आसरा देतो. माणसांपेक्षा भूत बरे!

पुढे वरदानाने एक पुरुष होते. आता तरी सुखाचा संसार? नाही. पुरुष होताच अंगात मालकी संचारते, जोडीदारीण दासी ठरते. शेवटी दोघी पुन्हा बाईपणच पत्करतात, कारण बरोबरी तिथेच होती. आमच्या मते कथेचे मर्म हेच आहे. संसार टिकतो तो समतेवर. नवरा-बायको या नावांवर नव्हे.

जुनी गोष्ट अशी बदलून सांगणे पाप आहे काय? मुळशी-मावळच्या आयाबायांनी जात्यावर तेच केले. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या कामाची मुळे याच डोंगरपट्ट्यात आहेत. त्या ओव्यांत सीतेचा वनवास बायांनी सीतेच्या बाजूने गायिला आहे.

आता आपल्या घरी येऊ. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव इथल्या चाळींतही अशी मुले-मुली आहेत. त्यांना आपण काय देतो? घाईने ठरवलेले स्थळ, मारझोड, देवऋषी, नाहीतर 'बरे करतो' म्हणणारा डॉक्टर. हा आजार नव्हे. असे 'बरे करणे' हा डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तनाचा दोष आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केले. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींचे असे संमतीचे नाते गुन्ह्यातून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र अशा विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली नाही.

कायदा पुढचे पाऊल टाकील तेव्हा टाकील. आपला उंबरठा आपल्याच हाती आहे. जबरदस्तीच्या लग्नात एक नव्हे, दोन जीव जळतात, आणि त्यातला दुसरा जीवही कुणाचे तरी लेकरूच असतो. तेव्हा आई-बापांनो, मूल धीर करून काही सांगू लागले तर आधी पुरते ऐका. हात उगारू नका, स्थळ पाहू नका. घरातून हाकललेल्या लेकराला आसरा द्यायला खऱ्या जगात भुतांचा सरदार येत नाही.