अधीनता म्हणजे मौन नव्हे

२५ जुलै २०२५ रोजी छत्तीसगडमधील दुर्ग रेल्वे स्थानकावर मानवी तस्करी व धर्मांतराच्या आरोपावरून केरळच्या दोन नन्सना अटक झाली आणि अनेक ठिकाणी ख्रिस्ती लोक रस्त्यावर उतरले. अशा वेळी एक शंका हमखास निघते : बायबलमधील रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय सत्तेच्या अधीन राहायला सांगतो, मग निदर्शने कशी चालतील?

अधीनता म्हणजे सत्तेचा अधिकार मान्य करणे. तिची प्रत्येक कृती योग्य मानणे नव्हे. चुकीच्या वीजबिलाची तक्रार करणारा ग्राहक वीज कंपनीला नाकारत नाही, तिच्याच नियमांनुसार दाद मागतो.

ते पत्र लिहिणारा पौल तरी कुठे गप्प बसला? फिलिप्पै शहरात त्याला व त्याच्या सोबत्याला चौकशीविना छड्या मारून तुरुंगात टाकले. सकाळी सुटकेचा निरोप आला, तरी तो हलला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने सुनावले. ते घाबरले आणि आले.

आजच्या निदर्शनांचे म्हणाल, तर छत्तीसगडच्याच नवा रायपुरमधील तूता येथे, धरणे आंदोलनाच्या जागी परवानगीने बसणे हा तर सविनय कायदेभंगही (अन्याय्य कायदा उघडपणे मोडून शिक्षा पत्करणे) नाही; शांततेने, निःशस्त्र जमण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ मध्येच आहे. ख्रिस्ती निदर्शकावर एक जादा जबाबदारी मात्र येते : ज्या अधिकाऱ्याविरुद्ध घोषणा द्यायच्या, त्याच्यासाठी प्रार्थनाही करायची. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तसे स्पष्ट सांगितले आहे.