कुत्र्याच्या कानाचे विकार व त्यांवरील उपचार

शाळेच्या आवारात वावरणारा कुत्रा वारंवार डोके झटकू लागला, मागच्या पायाने कान खाजवू लागला, की मुले त्याची गंमत करतात आणि एखादा उत्साही विद्यार्थी घरून गरम तेल किंवा रॉकेल आणून त्याच्या कानात ओततो. शिक्षकांनी या दोन्ही गोष्टी वेळीच थांबविणे इष्ट होय. ठणकणाऱ्या कानाला हात लागताच एरवी गरीब असलेला कुत्राही चावतो. चावा झालाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन मुलास त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे.

कानात काहीही ओतू नये, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. कुत्र्याची कर्णनलिका प्रथम खाली उतरते व मग जवळजवळ काटकोनात आत वळते. त्यामुळे मळ व ओल वळणाशी साचते आणि कानाचा पडदा बाहेरून दिसत नाही. पडदा फाटलेला असल्यास काही औषधेदेखील आत उतरून बहिरेपण आणतात. मग रॉकेलाची गोष्टच नको. कापसाची काडी घातल्याने मळ निघत नाही, उलट अधिक आत रेटला जातो.

सर्व कानदुखी एकाच प्रकारची नसते. पिलांच्या व मांजरांच्या कानात चहाच्या चोथ्यासारखा कोरडा काळा मळ व अतिशय खाज आढळल्यास सूक्ष्म किड्यांचा संशय घ्यावा. हा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, आठ पायांचा, गोचिडीच्या कुळातला असतो. दुर्गंधी, पिवळा पू किंवा तपकिरी चिकट स्राव असेल, तर जिवाणू अथवा बुरशीची बाधा संभवते. मोठ्या कुत्र्यात हाच प्रकार अधिक. आणि तो वारंवार उलटत असेल, तर मूळ बहुधा त्वचेच्या ॲलर्जीत असते. पावसाळा सरून गवत पिकल्यावर एकच कान अकस्मात दुखू लागला व कुत्रा मान तिरपी धरू लागला, तर आत कुसळ गेले असण्याचा संभव मोठा. ते पशुवैद्यानेच काढावयाचे असते.

किड्यांवरील औषध जिवाणूंवर चालत नाही व जिवाणूंवरील औषध बुरशीवर चालत नाही. म्हणून प्रथम पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी, मग औषध, हाच क्रम योग्य. किड्याला अंड्यापासून पूर्ण वाढीस सुमारे ३ आठवडे लागतात. खाज थांबली म्हणून कानात घालावयाचे थेंब मध्येच बंद केल्यास उरलेल्या अंड्यांतून पुन्हा किडे होतात. घरातील सर्व कुत्र्यांवर व मांजरांवर एकाच वेळी उपचार करणेही तितकेच आवश्यक. मांजराचे औषध मात्र पशुवैद्याने निराळे ठरवावे, कारण कुत्र्याची काही औषधे त्यास विषारी ठरतात. गुरांकरिता आणलेले आयव्हरमेक्टिन अंदाजाने कुत्र्यास टोचणे घातक आहे. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांचा त्याने प्राणही जाऊ शकतो.

पशुवैद्यांनी काढलेला काळा मळ मिळाल्यास तो काळ्या कागदावर पसरून उन्हात भिंगाखाली धरावा. पांढरे ठिपके संथपणे सरकताना दिसतात. नंतर कागद जाळून टाकावा व सर्वांनी हात साबणाने धुवावेत.