कुमारांची झोंप आणि रात्रीचा मोबाईल

शाळेचा पहिला तास ज्यानें वर्षानुवर्षें घेतला आहे, त्यास मुलांच्या जांभयांचा अर्थ लावतां येऊं लागतो. पुण्यांतील पुष्कळ शाळांचें सकाळचें सत्र सातच्या सुमारास सुरू होतें. दूरच्या मुलास त्यासाठीं साडेपांच-सहाला उठावें लागतें. तोच मुलगा आदल्या रात्रीं बारा वाजेपर्यंत पांघरुणाखालीं मोबाईल पाहत होता असें कळलें, म्हणजे आईबाप त्यास आळशी व बेशिस्त ठरवून मोकळे होतात. या आरोपांत अर्धेंच सत्य आहे, एवढें आज सांगावयाचें आहे.

आपल्या शरीरांत दिवसरात्रीचें मान राखणारें एक घड्याळ असतें. तें पेशींमध्यें कसें चालतें, याच्या शोधाबद्दल २०१७ सालीं हॉल, रोझबॅश व यंग या अमेरिकन शास्त्रज्ञांस नोबेल पारितोषिक मिळालें. सायंकाळीं उजेड मावळला कीं मेंदूंतील एका लहानशा ग्रंथींतून मेलाटोनिन नांवाचें द्रव्य रक्तांत उतरूं लागतें व शरीरास रात्रीची वर्दी मिळते. वयांत येतांना हें घड्याळच मागें पडतें. लहानपणीं नऊला पेंगणारा मुलगा पंधराव्या वर्षीं अकरापर्यंत टवटवीत राहतो, तो हट्टानें नव्हे, शरीरधर्मानें. झोंपेची गरज मात्र फारशी घटत नाहीं. तेरा ते अठरा या वयांत रोज आठ ते दहा तास झोंप हवी, असें अमेरिकेंतील निद्रावैद्यकाच्या अकादमीनें २०१६ सालीं सांगितलें. अकराला निजून सहाला उठणाऱ्याचा हिशेब मोबाईलवांचूनहि तुटीचाच येतो.

ही तूट मोबाईल दोन वाटांनीं वाढवितो. पहिली वाट उजेडाची. बोस्टन येथील एका प्रयोगांत १२ प्रौढांस निजण्यापूर्वीं कांहीं रात्रीं छापील व कांहीं रात्रीं प्रकाशमान पडद्यावरील पुस्तक वाचावयास दिलें. पडद्यावर वाचलें त्या रात्रीं झोंप लागण्यास सरासरी दहा मिनिटें अधिक लागलीं. दहाच मिनिटें! तेव्हां पडदा पिवळसर करण्याच्या सोयीवर विसंबून निश्चिंत होऊं नये. दुसरी वाट अधिक नुकसानीची आहे. पुस्तकाचें प्रकरण संपतें. मोबाईलवरील चित्रफितींस शेवटच नसतो. शिवाय मित्रांच्या निरोपास उत्तर न दिल्यास आपण मागें पडूं, ही धास्ती मुलास जागें ठेवते. अपुऱ्या झोंपेनें चिडचिड, विसराळूपणा व उदासी वाढते, आणि उदास मूल रात्रीं पुन्हा मोबाईलकडेच वळतें.

शाळेच्या वेळेचा विचार आपल्याकडे झाला आहे. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनीं डिसेंबर २०२३ मध्यें मुलांच्या अपुऱ्या झोंपेचा प्रश्न मांडल्यावर, फेब्रुवारी २०२४ मध्यें राज्य शासनानें चौथीपर्यंतचे वर्ग नऊपूर्वीं भरवूं नयेत असा आदेश काढला. परंतु ज्यांचें घड्याळ खरोखर मागें पडतें, ते आठवी-दहावीचे विद्यार्थी त्यांत नव्हते. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें तर २०१४ सालींच माध्यमिक शाळा साडेआठपूर्वीं भरवूं नयेत असें सुचविलें होतें.

घरांत काय करावें, याचा धडा सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव या लहान गांवानें घालून दिला. २०२२ सालीं गांवानें ठराव केला कीं सायंकाळीं सातला देवळावरचा भोंगा वाजला म्हणजे साडेआठपर्यंत दूरदर्शन संच व मोबाईल घरोघर बंद ठेवावयाचे. बंदी एकट्या मुलांवर नव्हती. ती थोरांनींहि पाळावयाची होती.

पुण्याच्या सदनिकांत भोंगा नाहीं, पण दिवाणखाना आहे. रात्रीं ठराविक वेळीं घरांतील सर्वांचे मोबाईल, वडिलांचाहि, तेथें ठेवावे. उठण्याच्या गजरासाठीं साधें घड्याळ आणावें. रविवारीं मुलास तासाभराहून अधिक उशिरां उठूं देऊं नये व सकाळीं थोडा वेळ उन्हांत पाठवावें, म्हणजे मागें पडणारें घड्याळ कांहींसें पुढें सरकतें. आणि मुलास रागें भरण्यापूर्वीं, त्यास झोंपेला तास तरी किती उरतात, हें आईबापांनीं एकदां त्याच्यासह बसून कागदावर मांडून पाहावें.