गव्हाच्या काडाच्या रंगाचा चहा

सेवाग्राम ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यातल्या वाचकांना चहाची स्तुती ऐकवणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावी राहायला आले. बुलढाण्याच्या शेगावशी नावाचा घोळ होऊ लागला म्हणून १९४० मध्ये त्या गावाचे सेवाग्राम झाले. त्यांचा चहाला विरोध होता, एवढे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण त्यांनी चहाविषयी नेमके काय लिहिले, हे पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. तुम्ही ते घ्यावेत, असे मी सुचवीन.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये अटक होऊन ते पुण्याच्या आगाखान महालात गेले आणि त्याच महिन्यात त्यांनी ‘आरोग्यनी चावी’ हे छोटे गुजराती पुस्तक लिहायला घेतले. त्यात चहा, कॉफी आणि कोको यांवर एक प्रकरण आहे. यांपैकी कशाचीही शरीराला गरज नाही, असे ते आरंभीच सांगतात. मात्र पुढे चीनची गोष्ट येते. तिथले पाणी भरवशाचे नसल्यामुळे उकळूनच प्यावे लागे. ते खरोखर उकळले की नाही, हे ओळखण्यासाठी कोणा चतुर माणसाने ही पाने शोधली, कारण पाणी पुरते उकळलेले असेल तरच पानांचा रंग उतरतो, असा त्यांचा तर्क आहे. हा इतिहास कितपत खरा मानायचा ते सोडा. महत्त्वाचे पुढेच आहे. पाने गाळणीत ठेवून वरून उकळते पाणी ओतावे, पेय गव्हाच्या काडासारखे पिवळसर दिसावे. असा चहा निरुपद्रवी असतो आणि त्याला नाजूक सुगंध असतो, असे ते मान्य करतात. त्यांचा राग आहे तो पाने खळखळा उकळून काढलेल्या चहावर. त्यात टॅनिन उतरते आणि कातडे कमावण्यासाठी वापरतात तेच हे द्रव्य, असे ते बजावतात.

आजच्या रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही तुलना तंतोतंत बरोबर नाही. चर्मोद्योगातले टॅनिन आणि चहातली कॅटेचिने, थिआफ्लेविने ही एकाच मोठ्या कुळातली असली तरी एकच नव्हेत. पण पाने जितकी बारीक आणि उकळी जितकी दीर्घ, तितका हा तुरट अंश अधिक उतरतो, हे निरीक्षण अचूक आहे. आणि सांगायची गंमत अशी की, चहाचे शौकीन ज्याला उत्तम दार्जिलिंग म्हणतात, त्याचा रंग नेमका गांधीजींनी सांगितलेलाच असतो.

मग आपल्या घरात असा चहा का होत नाही? कारण आपल्या डब्यात पाने नसतात, दाणे असतात. १९३० च्या सुमारास आसामात एक यंत्र आले. ते पान चिरडते, फाडते आणि त्याच्या बारीक गोळ्या वळते. या तीन क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या चहाला ‘सीटीसी’ म्हणतात. थोड्या पुडीत पुष्कळ रंग आणि कडकपणा देणारा हा चहा दूध-साखरेशी फार चांगला जमतो. भारतात तयार होणारा बहुतांश चहा आज याच पद्धतीचा आहे. त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. पहाटे कापूस वेचायला निघालेल्या बाईला जो कपभर गोड, गरम चहा हवा असतो, तो याच पुडीचा. अनेक दशके दारूबंदी असलेल्या या जिल्ह्यात पाहुणचाराचा भारही बहुतेक त्यानेच वाहिला आहे.

अख्ख्या पानांचा चहा मात्र निराळ्या वागणुकीची अपेक्षा करतो. दार्जिलिंग, निलगिरी, कांगडा किंवा आसामचा ‘ऑर्थोडॉक्स’ चहा पहिल्यांदा घेताना पन्नास-शंभर ग्रॅमच घ्या. गावात मिळाला नाही तर नागपूरहून किंवा टपालाने मागवता येतो. कोरडे पान तळहातावर घेऊन त्यावर एक उष्ण श्वास सोडा आणि मग वास घ्या. मार्च-एप्रिलमध्ये खुडलेल्या पहिल्या बहाराच्या दार्जिलिंगला फुलांचा, कोवळ्या हिरवळीचा गंध असतो. मे-जूनच्या दुसऱ्या बहाराला पिकल्या द्राक्षांची आठवण देणारा. हा फरक नाकाला कळू लागला की आनंदाचे निम्मे काम झाले.

पाण्याकडे आपण सहसा लक्ष देत नाही आणि इथेच चहा बिघडतो. आपल्या भागात बोअरवेलचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. जड पाण्यात चहाचा रंग काळपट होतो, सुगंध दबतो आणि कपावर पातळ साय धरल्यासारखा तवंग येतो. घरी गाळून शुद्ध केलेले पाणी असेल तर ते वापरा. आधण ताजे असावे. पुनःपुन्हा उकळलेले नको. एका कपाला साधारण दोन ग्रॅम, म्हणजे एक भरलेला लहान चमचा पाने पुरतात. काळ्या चहासाठी पाणी नुकतेच उकळलेले असावे आणि पाने तीन-चार मिनिटे झाकून ठेवावीत. पहिल्या बहाराच्या नाजूक पानांसाठी उकळी बसू द्यावी. हिरव्या चहाला याहूनही कमी उष्णता लागते. आधण उतरवून चार-पाच मिनिटांनी ओतले आणि दोन मिनिटांत गाळले तर तो कडू होत नाही. हिरवा चहा कडूच असतो, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी तो बहुधा उकळून प्यायलेला असतो.

यासाठी महागडी चहादाणी लागत नाही. झाकण असलेला काचेचा किंवा चिनीमातीचा मग आणि साधी गाळणी एवढे पुरे. शक्य झाले तर काचेचेच भांडे घ्या, कारण वळलेली पाने पाण्यात सावकाश उलगडताना पाहणे हा या चहाचा अर्धा सोहळा आहे. ती तीन मिनिटे घरातल्या आजी-आजोबांबरोबर काढता येतात. मुले तर घड्याळ लावण्याचे काम हौसेने करतात, मात्र त्यांच्या हाती कप देऊ नये.

आता आरोग्याचा भाग, जो मला या सगळ्यापेक्षा मोलाचा वाटतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. आपले लोह मुख्यतः ज्वारी, तूर, चवळी, पालेभाज्या यांतून येते. वनस्पतीजन्य लोह मुळातच कमी शोषले जाते आणि जेवणासोबत चहा घेतला तर चहातील पॉलिफेनॉल द्रव्ये त्या लोहाला आतड्यातच बांधून टाकतात. दूध घातल्याने हा दोष जातो, असा भरवसा धरू नका. सकाळची भाकरी चहाशी खाणे ही आपल्या घरांतली इतकी रुळलेली रीत आहे की, तिच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. त्यातही लोहाची गोळी चहाच्या घोटाबरोबर घेणाऱ्या गरोदर स्त्रिया दिसतात, तेव्हा गोळीचे बरेचसे मोल वाया जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात जेवणाच्या निदान एक तास आधी आणि एक तास नंतर चहा-कॉफी टाळण्याचा सल्ला दिला आहे. दिवसभरात कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असेही त्यात म्हटले आहे. दीडशे मिलिलिटर चहात ते ३० ते ६५ मिलिग्रॅम असते. गरोदरपणी त्याहून कमी घ्यावे आणि आपल्या डॉक्टरांना विचारावे.

अख्ख्या पानांचा चहा या नियमातून सुटत नाही. त्यातही ही द्रव्ये आहेतच, आणि चरबी वितळवणारा, रक्त शुद्ध करणारा अशा जाहिरातींवर विश्वास ठेवण्याजोगे काही नाही. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. तो भाकरीशी खाता येत नाही! त्याला स्वतःची वेळ द्यावी लागते, दुपारी चारची किंवा सकाळी न्याहारीच्या तासभर आधीची. शिवाय त्यात साखर घालावीशी वाटत नाही, कारण साखरेने सुगंध बुजतो. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे असा हिशेब केला तर चमच्याला पाच ग्रॅमप्रमाणे चाळीस ग्रॅम साखर एकट्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाकाठी साधारण पन्नास ग्रॅमची कमाल मर्यादा सांगते आणि शक्यतो पंचवीसवर थांबायला सुचवते. चारपैकी दोनच कप बिनसाखरेचे झाले तरी वीस ग्रॅम वाचतात. लिंबू चहात पिळण्यापेक्षा उसळीवर आणि वरणावर पिळा. तिथे त्यातले जीवनसत्त्व ‘क’ लोह शोषायला मदत करते.

कोणताही चहा घेतला तरी दोन परीक्षा घरीच करून पाहाव्यात. ओल्या टीपकागदावर थोडी कोरडी पूड पसरा. थंड पाण्यानेच कागदावर लगेच गडद डाग उमटले तर कृत्रिम रंगाचा संशय घ्यावा. दुसरी परीक्षा लोहचुंबकाची. पुडीवरून तो फिरवल्यावर लोखंडाचा कीस भरपूर चिकटून आला तर तो चहा परत करा. सुट्या पुडीसाठी हे विशेष आवश्यक आहे.

वर्ध्याचा उन्हाळा पानांना मानवत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे जातो तेव्हा स्वयंपाकघरातल्या ओट्यालगतच्या फळीवर ठेवलेला चहा महिन्याभरात गंध गमावतो, आणि शेजारी मसाल्याचा डबा असेल तर दार्जिलिंगला धण्या-जिऱ्याचा वास लागतो. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घरातल्या सर्वांत थंड आणि अंधाऱ्या कोपऱ्यात तो ठेवा. एकदा गाळलेली पाने लगेच टाकू नका. त्यांवर पुन्हा उकळते पाणी घालून मिनिटभर जास्त ठेवले की दुसरा कप निघतो, थोडा फिका पण अधिक मृदू. त्यानंतर उरलेला चोथा, दूध-साखर लागलेली नसल्यामुळे, तसाच तुळशीच्या कुंडीतल्या मातीत मिसळता येतो.