नेपाळ की केनिया?

परदेशात जाऊन काही महिने सेवेचे काम करावे, असे अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या पदवीधराच्या मनात आले की पहिला प्रश्न येतो तो देशाचा. समजा, निवड नेपाळ आणि केनिया यांच्यात आहे. वरवर पाहता सामना एकतर्फी वाटतो. 1950 च्या करारामुळे भारतीयाला नेपाळचा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरते. भुसावळला गाडी बदलून गोरखपूर गाठावे, तिथून बसने सुनौलीची सीमा. नेपाळी भाषा देवनागरीत लिहिली जाते, त्यामुळे दुकानांच्या पाट्या पहिल्याच दिवशी वाचता येतात. केनियासाठी मात्र विमानाचा खर्च, प्रवेशाची परवानगी आणि परतताना विमानतळावर दाखवायला पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र, एवढे सगळे जमवावे लागते. तेव्हा नेपाळच बरा, असे म्हणून मोकळे होता येईल. पण या साऱ्या सोयी जाणाऱ्याच्या आहेत. ज्यांच्याकडे जायचे त्यांचा या हिशेबात पत्ताच नाही, आणि देशाची निवड चुकते ती नेमकी इथे.

जाणाऱ्याच्या सोयीने सेवा ठरली की काय होते, याचा पुरावा खुद्द नेपाळात आहे. तिथली बहुतेक अनाथालये गरीब, दुर्गम डोंगरी जिल्ह्यांत नाहीत; ती काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या भागांत आहेत. शिक्षणाचे आमिष दाखवून दलाल डोंगरातून मुले आणतात, आणि आईबाप हयात असलेली ही मुले पाहुण्यांसमोर ‘अनाथ’ म्हणून उभी केली जातात. कंबोडियातल्या पाहणीतही अशा संस्थांतल्या चारपैकी सुमारे तीन मुलांचे आई किंवा वडील जिवंत असल्याचे आढळले होते. ऑस्ट्रेलियाने 2018 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्ताने या व्यवहाराला मानवी तस्करीत धरले. पैसे भरून महिनाभर मुलांशी खेळायला येणाऱ्या परदेशी तरुणांची मागणी होती, म्हणून पुरवठा उभा राहिला. त्या तरुणांचा हेतू वाईट नव्हता. पण त्यांना कोणत्याही गावाने बोलावले नव्हते.

बोलावणे असले की चित्र बदलते. चीनचे सेनानी चू ते यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली, तेव्हा 1938 मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. पथकाचे प्रमुख डॉ. अटल तर त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आले होते. अटलांचा स्पेन आणि चीन हे दोन देश एकमेकांपासून कितीतरी दूर, पण दोन्हीकडे जखमी होते आणि डॉक्टर हवे होते. कोटणीस चिनी भाषा शिकले, सहकारी परतल्यावरही थांबले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले. इतके कुणी करावे असे नाही. पण तिथे कोणते काम करायचे, हे युद्धभूमीने ठरवले, डॉक्टरांनी नव्हे. आपल्या मेळघाटातही हेच दिसते. बैरागडला गेलेल्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांच्याकडे आदिवासींनी आजारांच्या पलीकडचे काम मागितले: गुरे वाचवा, शेती सुधारा. माणसांचा डॉक्टर मग गुरांविषयी शिकला, शेतीसाठी अकोल्याच्या कृषी विद्यापीठापर्यंत गेला. 2019 मध्ये या दांपत्याला पद्मश्री मिळाली.

काम तिथल्यांच्या गरजेने ठरावे, याच कसोटीवर नेपाळ-केनियाचा प्रश्न पुन्हा मांडू, आणि उमेदवार अकोल्याचा कृषी पदवीधर आहे असे धरू. केनियाने डिसेंबर 2019 मध्ये बीटी कापसाला परवानगी दिली. ते वाण जालन्याच्या महिको कंपनीचे. म्हणजे वऱ्हाडातला शेतकरी ज्या वाटेने गेला, त्या वाटेच्या तोंडाशी तिथला शेतकरी उभा आहे. पुढे काय येऊ शकते, हे वऱ्हाडाइतके कुणाला ठाऊक? 2017 साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेताच्या कडेने रेफ्युजीच्या (बिगर-बीटी कापसाच्या) ओळी का पेराव्यात, फरदड (वेचणीनंतर राखलेले खोडवा पीक) का घेऊ नये, डोमकळी (अळी शिरलेली मिटलेली कळी) कशी ओळखावी, कामगंध सापळा कधी लावावा आणि तोंडाला फडके न बांधता फवारणी का करू नये, हे सांगायला मोठा शास्त्रज्ञ लागत नाही; ते भोगलेल्या मुलखातला चांगला विद्यार्थी पुरतो. इंग्रजी ही तिथली एक राजभाषा, तेव्हा कार्यालयात अडत नाही. शेतात उतरायचे तर स्वाहिली मात्र शिकावीच लागेल. या उमेदवारासाठी माझे मत केनियाच्या बाजूने आहे, लशीच्या प्रमाणपत्रासकट. नर्स किंवा शिक्षिका असेल, तर निकाल उलटा लागू शकतो: रुग्णाशी आणि मुलाशी बोलल्याशिवाय काम होत नाही, आणि मराठी माणसाला नेपाळी लवकर येते. अर्थात रुग्णाला हात लावण्याआधी तिथल्या परिषदेची नोंदणी हवीच.

केनियात शेतीतज्ज्ञ नाहीत का, असे कुणी विचारेल. आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या हाताखाली जायचे, त्यांच्या डोक्यावर बसायला नव्हे. परतवाड्याच्या पुढे मेळघाट असताना एवढ्या लांब कशाला, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. ज्याने कधी धारणीच्या एखाद्या संस्थेत काम केलेले नाही, त्याने परदेशाचा अर्ज तूर्त बाजूला ठेवावा, असेच मी म्हणेन. तिथे कोरकू भाषेची अडचण येते, कंटाळा येतो, आपल्यावाचून काम अडत नाही हेही कळते. हे सारे घराजवळ कळलेले बरे. पण मेळघाट हे परदेश टाळायचे निमित्तही होऊ नये. कापसाचे जे शहाणपण वऱ्हाडाने एवढी किंमत मोजून मिळवले, ते आपल्याच जिल्ह्यात कोंडून ठेवण्यात कोणती देशसेवा आहे?

अर्ज करणाऱ्यांनी तिथल्या संस्थेला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: माझ्याकडून नेमके कोणते काम हवे आहे, आणि मी परतल्यावर ते कोण पुढे नेणार? ज्यांना उत्तर देता येत नाही आणि तरीही जे आधी फी मागतात, त्यांचा नाद सोडावा. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात वयाच्या 18 व्या वर्षापासून नाव नोंदवता येते, आणि त्यासाठी कोणत्याही टप्प्यावर एक रुपयाही भरावा लागत नाही.